लेकरू कोणत्या शाळेत घालायचे?

मृग कधी वेळेवर बरसतो, कधी दगा देतो. कॉन्व्हेंटच्या फीची चिठ्ठी मात्र दरवर्षी नेमक्या वेळी येते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि आपली पेरणीही त्याच दिवसांत अडून बसलेली असते. घरात पैसा एक आणि त्याला मागणारे दोन, कृषी केंद्रवाला आणि शाळावाला. कृषी केंद्रवाला निदान तोंड पाहून उधारी देतो. शाळेच्या खिडकीत तोंड पाहून काही मिळत नाही.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत बैठकांना फिरताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बैठक कापसाच्या भावावर सुरू होते, पीकविम्यावर येते, विजेवर घसरते, आणि उठताउठता, चपला पायात घालताना, कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भाऊ, पोराचं नाव कुठं टाकावं म्हणता?" हा प्रश्न विषयपत्रिकेवर कधीच नसतो. पण घरोघरी नवराबायकोत, सासूसुनेत यावरून जेवढी तणतण होते तेवढी भावावरूनही होत नाही. म्हणून यंदा तो चपलांपाशी न ठेवता कागदावर घेतला.

आधी हिशेब करू. शेतकऱ्याने कोणतीही गोष्ट रुपयांत मोजली की फसगत होते; ती मालात मोजावी. समजा, तालुक्याच्या ठिकाणच्या इंग्रजी शाळेची फी २२ हजार, गाडीभाडे ९ हजार, आणि पुस्तके, दोन गणवेश, बूट, टाय, गॅदरिंगचा पोशाख मिळून ६ हजार. झाले ३७ हजार. कुठे याहून कमी लागतात, कुठे बरेच जास्त. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. म्हणजे एका लेकराच्या एका वर्षाला पावणेपाच क्विंटलांहून थोडा जास्त कापूस. कोरडवाहू एकरात आपल्याला याहून फार निघत नाही. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९. तिच्यात मोजले तर दहा क्विंटल. हा सगळा माल हमीभावाने गेला असे धरून हिशेब आहे. खेडा खरेदीत विकला असेल त्याने आपला आकडा आपणच वाढवून घ्यावा. आणि हे उत्पन्न आहे, नफा नव्हे. त्या एकराचे बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी कुणी भरली, हे शाळा विचारत नाही.

नर्सरीपासून दहावीपर्यंत तेरा वर्षे. दोन लेकरे. पुढचा गुणाकार आम्ही करत नाही, वाचणाऱ्याने आपल्या सातबाऱ्याकडे पाहून करावा.

घरातली गोष्ट

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो, कारण उपदेश करणाऱ्याने आधी आपले घर उघडे करावे.

थोरला मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा गावच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्गांना दोन गुरुजी होते. त्यातल्या एकाची ऐन दिवाळीनंतर बदली झाली आणि त्या जागी वर्षभर कुणी आले नाही. उरलेले गुरुजी मनाने चांगले. पण आठवड्यातले दोन दिवस मतदारयाद्या, एक दिवस केंद्रावर बैठक, बाकीचे दिवस खिचडीचा तांदूळ नि त्याची वही. आम्ही पोराला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातले. कारण विचारले तर आम्ही गुरुजींची बदली सांगायचो, आणि ते खोटे नव्हते. पण सगळे खरेही नव्हते. लग्नाकार्यात कुणी विचारले की "पोरगं कोणत्या शाळेत आहे", तर "खिचडीवाल्या शाळेत" असे सांगायची आम्हाला लाज वाटायची, हे दुसरे कारण होते. पहिले वर्ष कापसावर निघाले. तिसऱ्या वर्षी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा घरच्या बाईच्या गळ्यातले सोने गेले. ते अजून सुटलेले नाही.

दोन वर्षांनी मुलगी शाळेच्या वयाची झाली. तिला आम्ही गावच्याच शाळेत घातले. दोघांची फी परवडत नाही, असे म्हणालो. पण मग पोराला गावात ठेवून पोरीला तिकडे का पाठवले नाही, हे आम्हाला त्या वेळी कुणी विचारले नाही, आणि आमचे आम्हालाही सुचले नाही. आज पटावर पाहा. आमच्या भागातल्या कितीतरी गावांत जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात पोरी जास्त आणि पोरे कमी दिसतात. पोरे सकाळी सातला पिवळ्या गाडीत बसून गेलेली असतात. महिला आघाडीच्या बैठकीत लक्ष्मीमुक्तीवर बोलणारे आम्ही. आमच्याच घरातल्या या वाटणीचा उल्लेख आम्ही एकदाही केला नाही.

मुलगा चौथीत होता तेव्हा एकदा जिनिंगवरून काट्याची पावती आणली. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजाबाकी करून कापूस किती ते सांग म्हटले. पोराने पाढे इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवले, पण पावतीवर कशातून काय वजा करायचे हे त्याला उमगेना. एस.टी.वरची मराठी पाटी त्याला अडखळत वाचावी लागे, आणि इंग्रजी धडा तो वाचायचा भरभर, पण त्याचा अर्थ विचारला की खाली बघायचा. पोरगी दुसरीत होती. तिने सोसायटीची नोटीस आजीला वाचून दाखवली आणि व्याज किती चढले तेही बोटांवर सांगितले. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

पाचवीला त्याला परत आणायचे ठरवले, तर शाळेने दाखला अडवला. मागची फी भरा, मग दाखला. दोन महिने पोरगे घरी बसले. त्या वेळी आम्हाला कायदा ठाऊक नव्हता. आज आहे, म्हणून खाली लिहिला आहे. गावच्या शाळेत त्याला मराठी पुन्हा मुळापासून घ्यावे लागले. त्याच्यापेक्षा लहान पोरे त्याला हसली. तो आज चांगला शिकतो आहे. पण ती दोन वर्षे त्याच्या मनावरून गेलेली नाहीत, आणि ती चूक त्याची नव्हती.

यावरून सगळी कॉन्व्हेंट वाईट असा निकाल आम्ही देत नाही. आमच्याच भावकीतली एक मुलगी त्याच शाळेतून शिकली आणि इंजिनियर झाली. तिच्या घरी तिची आई बारावी झालेली होती, रोज संध्याकाळी घेऊन बसायची. आमच्या घरी संध्याकाळी कुणी बसायला नव्हते. शाळा तीच, घरे दोन. हा फरक फीच्या चिठ्ठीत छापलेला नसतो.

खासगी म्हणजे कोणती?

आपल्याकडे बोलताना एका बाजूला जिल्हा परिषद आणि दुसऱ्या बाजूला 'खासगी' असे दोनच ढीग केले जातात. वऱ्हाडात तरी खासगी या शब्दाचा एकच अर्थ कधी नव्हता. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तीही सरकारी नव्हती. शेतकऱ्याची, बहुजनाची पोरे शिकावीत म्हणून समाजाने उभी केलेली ती संस्था. पुढे अशा शाळांना अनुदान मिळाले. संस्था खासगी, पगार सरकारी, फी नाममात्र. तालुक्यातली जुनी हायस्कुले बहुतेक याच जातीची. शिक्षकभरतीत तिथे काय व्यवहार चालत आले, ते सांगायला आम्ही नको. शिक्षकाच्या नोकरीसाठी एकर-दोन एकर विकलेले बाप प्रत्येक गावात आहेत.

तिसरी जात नवी. २०१२ मध्ये राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला आणि फीवरच चालणाऱ्या शाळांना वाट मोकळी झाली. आज आपण ज्यांना सरसकट कॉन्व्हेंट म्हणतो त्या शाळांत याच वाटेने आलेल्या पुष्कळ आहेत. तिथे शिकवते कोण? बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या गावची डी.एड. किंवा बी.एड. झालेली सून. महिन्याला मिळतात ते निंदणाच्या मजुरीत मोजले तर शरम वाटावी असे. तिने शिकवण्यात कसूर करावी असे आम्ही म्हणत नाही. ती बहुधा वेळेवर येते, कारण न येऊन तिला चालत नाही. पण ती स्वतः मराठी शाळेत शिकलेली, तिला इंग्रजीतून विज्ञान शिकवायला लावले आहे, आणि समोरच्या लेकराच्या घरी वऱ्हाडी. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या पोराची गत याहून अवघड. घरी गोरमाटी, गावात मराठी, शाळेत इंग्रजी. पोहरादेवीच्या परिसरातून रोज गाडीत बसून जाणारी अशी लेकरे आम्ही पाहतो. दोन भाषा ओलांडून त्यांना तिसरीत 'फोटोसिंथेसिस' पाठ करायचे असते.

बाजाराची भाषा आणि शाळा

इथे कुणी आम्हाला अडवील, आणि अडवावेच. म्हणेल, तुम्ही तर बाजाराच्या स्वातंत्र्याचे लोक. १९७२ पासून तीन दशके एकाधिकार कापूस खरेदीने आपल्याला एकाच दारात उभे केले, तेव्हा रात्रीच्या गाड्या सीमेपार नेणारेही आपलेच. मग शाळेच्या बाबतीत जिल्हा परिषदेचेच दार धरा असे कसे सांगता?

तसे आम्ही सांगत नाहीच. आपल्या लेकराला कुठे शिकवायचे हे आईबापाने ठरवायचे; त्यात कलेक्टरने, आमदाराने, आणि आमच्यासारख्या कागद काळे करणाऱ्यानेही पडू नये. जिल्हा परिषद शाळा वाचवा म्हणून मोर्चात पुढे चालणाऱ्या कितीजणांची स्वतःची पोरे त्या शाळेत आहेत, हे एकदा मोजावे. उत्तर प्रदेशात १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने हुकूम केला होता की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी, अधिकारी आणि लोकप्रतिनिधींनी, आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. हुकूम कागदावर राहिला. अधिकाऱ्याला जे बंधन नको ते कोरडवाहू शेतकऱ्यावर का?

पण बाजाराचे एक तत्त्व आपण शाळेच्या दारात विसरतो. माल पारखल्याशिवाय पैसा मोजू नये. कापसाचा धागा व्यापारी बोटाने ओढून पाहतो. सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तर उगवले तरच पेरतो. पाकिटावर चित्र कितीही हिरवे असो. शाळेची उगवण आपण कधी पाहिली? रंगवलेले फाटक पाहिले, पिवळी गाडी पाहिली, गॅदरिंगमध्ये नाचलेले पोर पाहिले. इंग्रजी आपल्याला येत नाही, म्हणून जे पोर इंग्रजीत काहीतरी म्हणते ते शिकले असे आपण धरून चालतो. ज्या मालाची पारख नाही त्याच मालाला आपण सगळ्यात चढा भाव देतो.

पारख अवघड नाही. गावोगाव जाऊन मुलांचे वाचन तपासणारी 'असर' नावाची पाहणी गेली वीस वर्षे चालू आहे. तिची रीत साधी आहे. दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद पोराच्या हाती द्यायचा, एक हातच्याची वजाबाकी घालायची, एक भागाकार घालायचा. बस. २०२४ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा परिच्छेद नीट वाचता आला नाही. हे लाजिरवाणे आहे. पण खासगी शाळांतही दहांतली सुमारे चार मुले तशीच निघाली. त्या चार बापांनी वर्षाला पाच क्विंटल कापूस मोजून काय घेतले?

आणि हेही ध्यानात घ्यायला हवे की खासगी शाळेत मुळात जरा ऐपतीचे, शिकल्या घरचे लेकरू जाते. मग निकालातले श्रेय शाळेचे किती आणि घराचे किती? याचा छडा लावायला त्या वेळच्या आंध्र प्रदेशात २००८ ते २०१२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत सरकारी शाळेतल्या गरीब मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची खासगी शाळेची फी प्रयोगातून भरली, ज्यांची निघाली नाही ती सरकारी शाळेतच राहिली. घर सारखे, पोर सारखे, फरक फक्त शाळेचा. चार वर्षांनी परीक्षा घेतली तेव्हा तेलुगूत आणि गणितात दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. खासगी शाळेत हिंदी बरेच पुढे गेले होते, इंग्रजी थोडेसे. तेलुगू माध्यमातून एकदम इंग्रजीत टाकलेली मुले इतर विषयांत मागे पडतात असाही कल त्यांना दिसला.

या प्रयोगाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. खासगी शाळांनी तेवढेच शिक्षण सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी खर्चात दिले. म्हणजे सरकारी शाळेत पैसा कमी नाही, तो पाझरतो. गलेलठ्ठ पगार, पण गुरुजी वर्गाऐवजी टपाल भरताना दिसतो. आणि तो शिकवतो की नाही हे विचारायचा अधिकार ज्याचे पोर वर्गात आहे त्याला नाही, वरच्या साहेबाला आहे. कॉन्व्हेंटमध्ये आपण पैसे देतो पण आपल्याला कळत नाही. जिल्हा परिषदेत कळते पण आपले कुणी ऐकत नाही.

पट घसरला की

एकेकट्या बापाने घेतलेला शहाणा निर्णय गावाला कसा नडतो तेही पाहू. शिक्षणहक्क कायद्यात साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, पुढे दर तीस मुलांमागे एक, असे प्रमाण आहे. ज्यांची ऐपत आहे ते दहा जण गेले, पट खाली आला, शिक्षक गेला. शिक्षक गेला म्हणून आणखी दहा गेले. उरली कोण? शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरे, आणि पोरी. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय केला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याची टूम निघाली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर त्या वर्गांना नियमित शिक्षकच मंजूर होणार नाही अशी तरतूद केली. कायदा सांगतो पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. शिक्षक नसलेली इमारत किलोमीटरच्या आत असून काय करायचे?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्राने देशभरातले मागे पडलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार, आणि चारांत आपला वाशिम. शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा मोठा भाग. आकडे दिल्लीला जातात. गुरुजी गावात येतो की नाही हे त्या आकड्यांत दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्यात साखऱ्याची शाळा आहे. २०१८ च्या सुमारास राज्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाने ज्या मोजक्या जिल्हा परिषद शाळा निवडल्या त्यात तिचे नाव होते. वाशिमच्या कॉन्व्हेंटकडे पाहणाऱ्या लोकांनी खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेकडे मान वळवली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पुढे सरकार बदलले आणि २०२० मध्ये ते मंडळच गुंडाळले गेले. सरकारी मंडळाचे आयुष्य ते एवढेच. पुण्याच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या शाळेचा पट तीनवर आला होता. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले, गाव उभे राहिले, पट शंभराच्या पार गेला, आणि २०२५ मध्ये जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार त्या शाळेला मिळाला. अशा बातम्या वाचून आमच्या छातीत हवा भरते, पण आमचा एक आक्षेप आहे. जी शाळा एका माणसावर उभी आहे ती एका बदलीच्या कागदावर आडवी होते. आम्हाला पुरस्काराचा गुरुजी नको, नेमाने येणारा हवा.

आणि इतर गावांत गुरुजींच्या आधी आईबाप का उभे राहत नाहीत? शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या बाया असाव्यात, असा कायदा आहे. शाळेचा आराखडा करणे आणि खर्चावर नजर ठेवणे हे तिचे काम. आमच्या गावात ही समिती कित्येक वर्षे सह्यांपुरती होती. अध्यक्ष कोण हे विचारले तर अध्यक्षालाच आठवत नसे. आम्हीही तिच्यावर होतो.

कायद्याच्या चार गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली ते आठवीच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने मागितल्याबरोबर द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आमची ती दोन महिन्यांची घरबशी फुकाची होती. खासगी शाळेने फी वाढवायची तर २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. "मॅनेजमेंटने ठरवलं" हे उत्तर पुरत नाही, समितीचा ठराव मागा. विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या पायरीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना फुकट द्यायच्या आहेत, आठवीपर्यंत. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम फिरवून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सुटका दिली होती. खेड्यापाड्यांत जवळ जिल्हा परिषद शाळा नाही असे गाव सापडेल कुठे? १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. इतर मागासवर्गातल्या, भटक्या-विमुक्तांतल्या आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या मुलांना यात उत्पन्नाची अट नाही. खुल्या प्रवर्गाला वार्षिक एक लाखाची आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, सोडत निघते. आपल्या भागात पुष्कळांना तारीख उलटल्यावर कळते. आणि नवोदयचे विसरू नका. सहावीच्या प्रवेशात किमान तीन-चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या असतात, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेतून झालेली असावी लागते. शहरातल्या शाळेत पाचवी काढणारे पोर ती वाट स्वतःच बुजवते.

आमचे मत

आता मत सांगतो. गावच्या शाळेत दोन शिक्षक असतील आणि ते येत असतील तर पाचवीपर्यंत पोर तिथेच राहू द्यावे, पोरगा असो वा पोरगी. वाचता, लिहिता, हिशेब करता येणे हे त्या वयाचे काम, आणि ते आपल्या बोलीजवळच्या भाषेत लवकर होते. इंग्रजी विषय २००० पासून जिल्हा परिषदेतही पहिलीपासून आहे. तो शिकवला जातो का, हे बघणे आपले काम. शिक्षक एकच असेल, किंवा असून येत नसेल, आणि तुमच्याच्याने ते सुधारत नसेल, तर पोर काढा. कुणाच्या चळवळीसाठी आपल्या लेकराची चार वर्षे जाळू नका. काढायचे तर आधी जुन्या अनुदानित मराठी शाळेचे दार ठोठावा, सेमीची सोय आहे का विचारा, आणि मग कॉन्व्हेंटकडे जा.

आणि कॉन्व्हेंटला जायचे तर फाटक पाहून जाऊ नका. त्या शाळेतले तिसरीतले, आपल्यासारख्या घरचे एक पोर गाठा. दुसरीचे पुस्तक द्या, काट्याची पावती द्या.

पैसा लागतो तो आठवीनंतर. विज्ञान, गणित, बारावीची तयारी, वसतिगृह. शेतकऱ्याच्या पोराची गाडी तिथे अडते, आणि नेमकी तेव्हा आपली थैली रिकामी असते, कारण ती आपण नर्सरीच्या टायबुटांत उपडी केलेली असते. जे घर वर्षाला पाच क्विंटल कापूस शाळेला देऊ शकते त्याने तो पहिली सात-आठ वर्षे पोराच्या आणि पोरीच्या नावाने बाजूला ठेवला, तर पुढच्या पाच वर्षांत त्या पैशाला वजन येईल. ठेवला जाईल का, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी ठेवला गेला नाही. फीची चिठ्ठी आली की पैसा निघतो, आणि चिठ्ठी नसली की तो दवाखान्यात नि सावकाराकडे जातो. पोस्टातले आवर्ती खाते, बाईच्या नावाने, हा आम्हाला सापडलेला एक उपाय आहे. आमच्या मुलीचे ते चालू आहे. मुलाचे उघडायचे राहून गेले.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत. यंदाचा पट, त्यात पोरे किती नि पोरी किती. मंजूर शिक्षक किती आणि वर्गात उभे असतात ते किती. आणि पाचवीतल्या किती लेकरांना दुसरीचे पुस्तक वाचता आले. तिसरा आकडा गुरुजींना विचारून आणू नये. चावडीवर पोरे बसवून, पुस्तक हातात देऊन आणावा. कॉन्व्हेंटची पोरेही त्यात बसवावीत. सुटीच्या दिवशी ती गावातच असतात.